रिकाम्या घरात एक स्वयंपाक

घर दाखवायचं म्हणजे कुलूप उघडायचं आणि गप्प बसायचं. इतकी वर्षं बिदरात हा धंदा केल्यावर मला एवढंच नीट जमतं म्हणा. नवीन एजंट पोरं गिऱ्हाइकाच्या मागं मागं फिरतात, ‘सर, टाइल्स बघा, सर, हवा बघा’ करतात. मी दार उघडते, खिडक्या उघडते आणि बाहेर पायरीवर जाऊन बसते. आत माणसं काय बोलतात ते तिथवर ऐकू येतं. नवरा-बायको ‘छान आहे, छान आहे’ म्हणत बाहेर आली की मी समजते, हे काही घेत नाहीत. पण आत आवाज चढला, ‘कपाट हितं कामून? खिडकी झाकायली की’, ‘मग देव कुठं ठेवू, तुमच्या डोक्यावर?’ असं सुरू झालं, की मी पदर सारखा करून उठते. घर घेणारी माणसं भांडतात. मनानं ती तिथं राहायला लागलेली असतात.

माझं माहेर औरादचं. नवरा पाटबंधारे खात्यात, त्यामुळं बदल्या ठरलेल्या. भालकी, हुमनाबाद, चिंचोळी, गुलबर्गा, मग बिदर. आता गुलबर्ग्याला कलबुर्गी म्हणायचं, पण आमच्या तोंडात जुनंच नाव बसलंय. प्रत्येक गावात भाड्याचं घर. कुठल्या घरात होळीनंतर बोअर आटतो, कुठली पश्चिमेची भिंत एप्रिलात रात्रीपर्यंत तापलेली राहते, कुठला मालक जिन्यात उभा राहून पाव्हणे मोजतो, हे सगळं मी भाडेकरीण म्हणून अंगावर काढलेलं. बिदरात आलो तेव्हा यांच्या ऑफिसातली बदलून आलेली मंडळी विचारायला लागली, ‘वहिनी, घर कुठं बघावं?’ मी सांगत गेले. सांगता सांगता त्याचा धंदा झाला. मालकांशी कानडी, मिस्त्रीशी दखनी हिंदी, औराद-भालकीच्या माणसांशी मराठी, आणि जहीराबादकडून कोणी आलं तर मोडकं तेलुगू. लोक मला घरअक्का म्हणायला लागले. खरं नाव सुमन आहे, पण ते आता रेशनकार्डावरच उरलंय.

बाहेरच्या माणसाला वाटतं, एजंट म्हणजे दोन फोन करणारा माणूस. तसं नसतं. भाड्याचं घर लावून दिलं तर दोन्हीकडून थोडंसं मिळतं. विकून दिलं तर वर्षाचं चटणी-मीठ निघतं. म्हणून या धंद्यात ‘किती दिवस दुसऱ्याच्या घरात राहता?’ हे वाक्य देवाच्या नावासारखं सारखं तोंडात असतं. आणि गिऱ्हाइकं तरी काय एकेक! एकजण पाण्यानं भरलेली बादली घेऊन यायचा आणि प्रत्येक खोलीत ओतायचा, उतार कुठं आहे बघायला. त्याच्या मागून मी फरशी पुसत फिरायची. कमठाण्याचे एक गृहस्थ, पोराला शहरात घर घ्यायला आलेले, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या गॅलरीत बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “सगळं चांगलं हाय अक्का, पर म्हस कुठं बांधावी?” मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी शेवटी गावाबाहेर पत्र्याची शेड असलेलं घर घेतलं, आणि म्हशीसकट सुखात आहेत.

काही घरं विकली त्याचं मात्र वाईट वाटतं. एका मास्तर-मास्तरणीला मी फार हौसेनं तीन बेडरूमचं घर मिळवून दिलं होतं. आता पोरं पुण्याला, ती दोघं पोरांकडं, आणि घराला कुलूप. त्या गल्लीतून जाताना मी रिक्षावाल्याशी काहीतरी बोलत बसते.

पण मला सांगायचंय ते प्रशांत आणि मनीषाचं. त्यांना मी दोनदा घर दिलं आणि एकदा दिलं नाही. त्या न दिलेल्या घराचं सांगते.

प्रशांत औराद तालुक्यातल्या एका खेड्यातला. बिदरजवळच्या कोळारला औषधांच्या कारखान्यात शिफ्टवर. मनीषा उदगीरची, मराठी माध्यमाची डी.एड. झालेली. लग्न करून आली तेव्हा मीच त्यांना शिवलिंगप्पांच्या घरात खालचा मजला भाड्यानं लावून दिला. शिवलिंगप्पा म्हणजे सरकारी बसचे रिटायर ड्रायव्हर. बायको वारलेली, पोरं बेंगळूरला, वरच्या मजल्यावर एकटे. नियम असे की कारखाना बरा. भिंतीत खिळा मारायचा नाही, मोटार तेच लावणार, अंगणात स्कूटर आडवी लावायची नाही. त्यांच्याकडं भाडेकरू टिकत नसत. ही दोघं टिकली, आणि वर्ष-दीड वर्षात ओवी झाली. दवाखान्यातून पोर घरी आली त्या दिवशी शिवलिंगप्पा पाळण्यासाठी स्वतः दोरी घेऊन खाली आले आणि स्वतःच्याच भिंतीत स्वतःच्याच हातानं एवढा मोठा हुक ठोकून गेले. ओवी बोलायला लागली ती त्यांच्यामुळं निम्मी कानडीत. त्यांना अज्जा म्हणायची.

ओवी चार वर्षांची झाली असेल, तेव्हा प्रशांत माझ्याकडं आला. बरोबर त्याचे वडील. सगळे त्यांना आबा म्हणतात. बरी शेती, तूर-सोयाबीनचं चांगलं उत्पन्न, पांढरंशुभ्र धोतर.

आबा खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, “बाई, पोराला घर बघा. स्वतःचं. माझी पोरगी लग्नाला आलीया. सोयरीक घेऊन येणारे इचारायलेत, पोरगं बिदरात कुठं ऱ्हातं? भाड्यानं म्हणलं की त्यांचं तोंड बदलतंय.”

“मामला भाड्याचा असला तरी पोरगं चांगल्या नोकरीला आहे की,” मी म्हटलं.

“त्ये तुमाला कळतंय. त्येंला कळत न्हाई.”

बिदरातच नौबादच्या पुढं प्लॉट पाडून नवीन लेआउट झाला होता. पूर्वमुखी घर, खाली लाल कडक जमीन, म्हणजे पाया धरून ठेवणारी. बोअरला पाणी. बिल्डर ओळखीचा आणि बऱ्यापैकी सरळ. मी बेलाशक दाखवावं असं घर. मी दार उघडलं आणि पायरीवर बसले.

प्रशांत टेप घेऊन खोल्या मोजत होता, फोटो काढत होता. आबा भिंतीवर बोटांनी टकटक करत फिरत होते. “हितं सोफा येतो का गं?” प्रशांतनं विचारलं. मनीषा म्हणाली, “येतो की.” “देवघर हितं करू?” “करू की.” “ओवीची खोली ही?” “चांगली आहे.” कुठं म्हणून तिनं ‘नको’ म्हटलं नाही. मी आत डोकावले. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती, आणि हात ओट्यावर नव्हते, पाठीमागं बांधलेले होते. पाव्हण्यांच्या घरी आपण उभं राहतो तशी.

मला ते खटकलं. दोन दिवसांनी दुपारी, प्रशांत कामावर असताना, मी तिच्याकडं गेले.

“घर पसंत नाही का गं?”

“घर चांगलंच आहे अक्का.” ओवीच्या वेणीत ती विनाकारण पुन्हा पुन्हा फणी फिरवत होती. “सरकारी मराठी शाळेच्या मास्तरांची भरती निघाली ना, तिची परीक्षा मी पास आहे, शेवटची लिस्ट तेवढी लागायचीय. ऑर्डर आली तर कुठंही टाकतील. तिकडं गुलबर्गा जिल्ह्यात, आळंदकडं टाकतील असं म्हणायलेत. घर घेतलं तर ह्यांचा सगळा पगार हप्त्यात. मग हे हितनं हलणार न्हाईत. मी एकटी पोर घेऊन तिकडं राहू का नोकरी सोडून देऊ?”

“प्रशांतला सांगितलंस?”

“त्यांना माहीत आहे. पण ते म्हणतात, लिस्ट लागायलीय लागायलीय म्हणून किती वर्षं ऐकायलोय, त्या भरवशावर घर सोडू का? आणि आबा इतके खुशीत आहेत...” तिनं फणी खाली ठेवली. “मला कुणाचा आनंद मोडायचा न्हाई अक्का. पण मी लई अभ्यास केलाय.”

आता बघा, घर विकून देणं हे माझं काम. नवरा-बायकोच्या मधे पडणं हे माझं काम नाही, आणि मधे पडलेले एजंट दोन्हीकडून शिव्या खातात हे मला माहीत होतं. पण माझी एक पद्धत होती, तिचा आधार मी घेतला. टोकनाचे पैसे द्यायच्या आधी मी सगळ्यांना सांगायचे, एकदा त्या रिकाम्या घरात स्वयंपाक करून जेवा. शेगडी घेऊन जा, परात घेऊन जा. धूर कुठं जातो, नळ किती लांब पडतो, शेजारीण खिडकीतून बोलते का भांडते, हे फरशी बघून कळत नाही. एका बाईला भाकरी थापताना कळलं की तिथं उभं राहिलं की दाराकडं पाठ होते, तिनं ओटाच फिरवून घेतला. बिल्डर लोक कुरकुर करतात, पण किल्ली देतात.

“रविवारी सगळे जण जेवायला जाऊ,” मी तिला म्हटलं. “आणि जे बोलायचंय ते जेवताना बोल. भरल्या ताटावरून माणूस उठून जात नाही.”

रविवारी निघायच्या वेळी ओवीनं भोकाड पसरलं. अज्जा आल्याशिवाय ती येणार नाही. मालकाला सोडून भाडेकरू नवीन घर बघायला निघालेले, आणि त्या मालकालाच बरोबर न्यायचं म्हणजे प्रशांतला अवघड झालं. पण शिवलिंगप्पा टोपी घालून जिना उतरले देखील. “चलो. मेरेकू भी देखना है, मेरे घर से अच्छा क्या है उधर.”

तिथं मनीषाच्या सासूबाई आबांबरोबर आधीच आलेल्या. गावाकडून पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी निवडून आणलेली, त्यांच्याच हाताची गव्हाची गोड हुग्गी करायची ठरलेली. शेगडी पेटली, रिकाम्या घरात भाकरीचा आवाज घुमायला लागला. समोरच्या घरातली बाई पाण्याची कळशी घेऊन आली आणि बसूनच राहिली. आबा आणि शिवलिंगप्पा हॉलमध्ये सतरंजीवर. असं निवांत समोरासमोर पहिल्यांदाच, म्हणून दोघंही ताठ. आबांनी विचारलं, “कंच्या रूटला होता तुमी?”

“बहुत साल औराद लाइन.”

आबांनी मान पुढं केली. त्यांच्या गावच्या फाट्याचं नाव घेतलं. “तिथं गाडी थांबवत नव्हता त्यो डायवर कोण?”

शिवलिंगप्पांनी आबांचा चेहरा निरखला. मग बोट उगारलं. “वो रस्ते में बैलगाडी आडी लगाया सो... तुम?”

“मीच!”

“यप्पा! मेरी गाडी गड्ढे में जाते जाते बची!”

“आन् म्या काय करू? आईला दवाखान्यात न्यायचं, औरादपस्तोर चालत नेऊ व्हय तिला? रोज हात करतोय, रोज तुमी भोंगा वाजवून जायलाव!”

“स्टॉप नहीं था उधर!”

“माणसं हुती की!”

दोघं इतक्या जोरात बोलत होते की सासूबाई हातात पळी घेऊन बाहेर आल्या. मी पायरीवरून उठले. वाटलं, आज जेवण होत नाही. तेवढ्यात शिवलिंगप्पा हसायला लागले, टोपी काढून हसायला लागले. “उसके दूसरे दिन से मैं रोज रोक्या उधर. साब लोगां मेमो दिए, फिर भी रोक्या.”

आबांनी सतरंजीचं टोक सारखं केलं. मग हळूच म्हणाले, “ते म्हाईत हाय. गावात म्हणायचे, डायवर बदलला वाटतं, भला माणूस आलाय.”

त्यानंतर दोघं खेटूनच बसले. कुठली गाडी कुठं चिखलात रुतली, कुठल्या यात्रेला टपावर किती माणसं होती, संपेचना. हुग्गी वाढली, भाकरी वाढल्या. आबा रंगात आले. त्यांनी खिशाला हात लावला आणि मला म्हणाले, “बाई, असं जेवण ज्या घरात हुतंय त्ये घर सोडायचं न्हाई. बिल्डरला बोलवा. आजच टोकन देऊन टाकू.”

मनीषा आत भाकरी थापत होती. थापायचा आवाज थांबला. ती पिठाच्या हातानं दारात आली.

“आबा, थांबा जरा.”

सगळे बघायला लागले. तिनं पिठाचे हात पदराला पुसले. “घर मला आवडलंय. पण मला नोकरीची ऑर्डर येणार आहे. आळंदकडं आली तर मला जायचंय. घर घेतलं तर मला जाता येणार न्हाई.”

“आता हे हितं काढायचं होतं का?” प्रशांतचा चेहरा उतरला. “लिस्ट कधी लागंल, लागंल का न्हाई, त्याचा काय नेम हाय?”

“न्हाई लागली तर पुढच्या वर्षी घेऊ. लागली तर काय करायचं ते तुम्ही एकदा पण बोलला नाहीत. हितं कपाट, तिथं सोफा, सगळं बोललात. माझी शाळा कुठं ठेवायची ते न्हाई बोललात.”

 समोरची बाई कळशी घेऊन हळूच निघून गेली.

आबा ताटाकडं बघत म्हणाले, “पोरी, तुझं खरं असंल. पर माझ्या लेकीच्या सोयरिकीला मी लोकांला काय सांगू?”

शिवलिंगप्पांना मराठी पूर्ण कळतं, बोलताना मात्र ते दखनीवर येतात. ते कधी नव्हे ते हळू बोलले. “अण्णा, मैं घर बांध्या. बडा बांध्या. रात को औराद हाल्ट, कभी हैदराबाद हाल्ट. घर में रही मेरी घरवाली, अकेली. मैं रिटायर होके आया, तो वो बीमार. एक साल भी साथ नहीं रहे उस घर में.” मग ओवीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “ये लोगां आए तब वो घर में बर्तन का आवाज आया.”

सासूबाई तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. प्रशांतच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांना आबांसमोर बोलताना ऐकलंच नव्हतं. त्या आबांच्या ताटात हुग्गी वाढता वाढता म्हणाल्या, “घर कवा पण घेता येतंय. नोकरीचा कागद एकदाच येतो. सोयरीकवाल्यांना सांगा, आमची सून मास्तरीण हाय. ज्येला भाड्याच्या घराचं वाईट वाटतंय त्येच्या घरात आपली पोरगी द्यायचीच कामून?”

आबांनी बायकोकडं असं बघितलं, जणू बाजारात ओळखीचं कोणीतरी अचानक भेटलं. मग त्यांनी हुग्गी संपवली, सावकाश, बोटं चाटून. पाणी प्याले. “बाई,” मला म्हणाले, “बिल्डरला सांगा, राहू द्या. आणि मला अजून एक भाकरी वाढा.”

प्रशांत उठून गच्चीवर गेला. माझे गुडघे तेव्हाही दुखत होते, पण मी मागोमाग गेले. तो कठड्याला टेकून उभा होता. खाली सगळा नवा लेआउट, दगड रोवलेले, मधेच एखादं घर.

“अक्का, दहावीपासून मी दुसऱ्याच्या खोलीत राहतोय,” तो म्हणाला. “उदगीरला खोली, लातूरला होस्टेल, हितं चार जणांत एक खोली. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी सांगणार, हे करू नको, ते करू नको. शिफ्टमधले सगळे वास्तुशांतीचे फोटो दाखवायलेत. मला पण एकदा म्हणायचं होतं, हे माझं.”

त्याला मी ‘घर कुठं पळून जात नाही’ असं म्हणू शकले असते. पण ते खोटं झालं असतं. “हे घर जाईल,” मी म्हटलं. “महिन्याच्या आत जाईल, चांगलं आहे. तुला वाईट वाटणार. पण ती नोकरी सोडून इथं राहिली तर तू दाराला हात लावून माझं म्हणशील. ती काय म्हणेल?”

तो खाली गेला. मी जिना उतरून येईतो तो नळाखाली परात घासत होता, आणि मनीषा त्याच्या हातातून ती ओढून घेत होती. “सोडा, पीठ चिकटलेलं आहे.” “मीच घासतो.” परात बराच वेळ दोघांच्या हातात राहिली.

घर खरंच गेलं, पंधरवड्यात. एका डॉक्टर जोडप्यानं घेतलं, आणि आत जाताच ती दोघं अशी भांडली की मला पायरीवर हसू आवरेना. पण नंतरचे महिने कठीण गेले. ऑर्डर येईना. प्रशांत कारखान्याच्या बसनं जाताना त्या रस्त्याला लागलं की मोबाईलमध्ये डोकं घालायचा, असं त्यानंच मला नंतर सांगितलं. लेआउटमधल्या किमती वाढत होत्या. बिल्डर मला भेटला की म्हणायचा, “अक्का, तुमच्या स्वयंपाकानं माझं गिऱ्हाईक गेलं.” मी हसण्यावारी न्यायची, पण घरी येऊन यांना विचारायची, “मी चुकीचं तर केलं नाही ना?” हे म्हणायचे, “तू फक्त जेवायला घातलंस.”

उन्हाळ्याच्या सुट्या संपत आल्या तेव्हा एक दिवस सकाळी सकाळी फोन. मनीषा. बोलतच नव्हती, नुसती रडत होती.  मग मागून ओवी ओरडली, “अव्वा टीचर!” अव्वा म्हणजे कानडीत आई. ऑर्डर आली होती. आळंद तालुक्यातलं बारकं गाव, बसवकल्याणच्या बाजूला. त्या दिवशी आबा जीप करून पेढे घेऊन बिदरात आले आणि शिवलिंगप्पांच्या गल्लीत प्रत्येक दार वाजवून पेढा दिला. ज्या गल्लीत पोरगं भाड्यानं राहतं हे त्यांना लपवायचं होतं, तीच ही गल्ली.

प्रशांतला हुमनाबादच्या कारखान्यात काम मिळालं. दोघांना जमेल असं गाव बसवकल्याणच, आम्ही नुसतं कल्याण म्हणतो. मी फोनवर फोन करून तिथं खालच्या मजल्याचं घर लावून दिलं. पुढं नणंदेची सोयरीकही झाली, मुलाची आई स्वतः शिक्षिका निघाली आणि तिनं पहिला प्रश्न विचारला तो मनीषाच्या शाळेचा. प्रशांत आता कल्याणला प्लॉट बघतो अधूनमधून. मनीषा बरोबर जाते आणि एकेक गोष्ट नापसंत करते. लवकरच घेतील, असा माझा अंदाज आहे. हे सगळं नंतरचं. पण मला आवडतो तो त्यांचं सामान हलवायचा दिवस.

टेम्पो सकाळी भरून तयार, आणि टेम्पोवाला पोरगा तापानं फणफणलेला. टेम्पोच्या मालकाकडं दुसरा ड्रायव्हर नाही. प्रशांत फोनवर फोन करतोय. शिवलिंगप्पांनी टेम्पोभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ घातली, आणि हात पुढं केला. “चावी देव. हेवी लायसन अब्बी चालू है.”

“अज्जा, तुमचं वय...” मनीषा म्हणाली.

“बस चलाया सो आदमी हूँ, बाई. ये तो खिलौना है.”

शेजारी ओवी, तिच्या पलीकडं आबा. मागं प्रशांतच्या मित्राच्या गाडीत आम्ही बाकीचे. शिवलिंगप्पांनी टेम्पो असा चालवला की पातेलीसुद्धा वाजली नाहीत. मात्र प्रत्येक फाट्याला लांब भोंगा. हुमनाबाद मागं पडल्यावर एका फाट्यावर एक म्हातारी पेरूची पाटी घेऊन उभी होती. तिनं बसला करतात तसा हात केला, आणि शिवलिंगप्पांनी सवयीनं टेम्पो बाजूला घेऊन थांबवला. म्हातारीनं गाद्या बघितल्या, कपाट बघितलं, आणि काहीच वावगं नसल्यासारखं विचारलं, “कल्याण?” आबा खाली उतरले, तिची पाटी वर घेतली, तिला पुढं बसवलं आणि स्वतः मागं गादीवर जाऊन बसले. धोतराचा सोगा वाऱ्यावर, एक हात कपाटाला. कल्याण येईपर्यंत ते मागच्या गाडीतल्या आम्हाला पेरू दाखवून दाखवून खात होते.

घरमालकीण दारातच उभी होती. मला फोनवर तिनं बजावलं होतं, माणसं मोजकी हवीत, गर्दी नको. तिनं टेम्पोतून उतरणारी मंडळी बघितली. ड्रायव्हरच्या जागेवरून टोपीवाले शिवलिंगप्पा, मागून धोतरातले आबा, मग पाटीवाली म्हातारी, गाडीतून सासूबाई, मनीषा, प्रशांत, त्याचा मित्र आणि मी. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिनं सगळ्यात पुढं उभ्या असलेल्या ओवीला कानडीत विचारलं, “एष्टु मंदी इर्तीरी?” किती जण राहणार तुम्ही?

ओवीनं मागं वळून सगळ्यांकडं नीट बघितलं. म्हातारीकडंसुद्धा.

“एल्लारू,” ती म्हणाली. सगळेच.

मालकीणबाईंनी माझ्याकडं रोखून बघितलं. मी काही खुलासा करायच्या आत त्या पाठ फिरवून घरात गेल्या. आम्ही सगळे अंगणात अवघडून उभे. मग आतून मोठं पातेलं गॅसवर ठेवल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ त्यांचा, “चहात साखर किती किती, सांगा एकेकानं!”